दोन बोटं काडी

बोरखेड्यात माणूस ओळखायला लोकांना त्याचं तोंड बघावं लागे, वाहरूला धूळ पुरायची. सव्वाशे उंबऱ्यांचं गाव, प्रकाशा गावाहून दोन कोसांवर, तापीच्या काठी. वाहरू त्या गावचा भिल्ल जागल्या. सकाळी वाटेनं जाता जाता तो सांगायचा, की अमक्याची म्हैस दावं तोडून गेली, तमक्याच्या सुनेला दिवस गेलेत, आणि फलाण्याकडचा पाहुणा चार दिवस राहायचं सांगून आला होता तो भांडून परत गेला. चोरी झाली की पाटील पोलिसाच्या आधी वाहरूला हाक मारत. तो येई, वाकून बघत हिंडे, आणि चोराचा पग, म्हणजे पावलाचा ठसा, सापडला की त्यावर आपली टोपली पालथी घाली. मग ती टोपली कोणी हलवायची नाही. उचलायचा मान पाटलाचा.

बाकी वाहरूचा मान किती, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. चावडीच्या ओट्याखाली बसायचं, पाणी वरून ओंजळीत प्यायचं, आणि सणाची पोळी पानावर टाकतील तेव्हा घ्यायची. पण रेवजी पाटलांनी एका पोळ्याला आपला जुना जोडा त्याला दिला होता. साऱ्या भिल्लाटीत पायात जोडा असलेला तो एकटाच. तापीच्या उन्हात नांगराच्या तासासारखा भेगाळलेला पाय त्यानं त्या जोड्यात घातला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. जोडा टाचेला घासायचा, पण वाहरू तो घालून चालताना कुरकुर आवाज होऊ द्यायचा. लोकांना कळायला हवं ना!

त्याचा बाप छप्पन्याच्या दुष्काळात सातपुड्यातून उतरून इथं आला होता. हे वाहरूला कोणी विचारू नये असं वाटे. घरात सुद्धा तो भिली बोलत नसे. बायको तापीबाई कधी चुकून जुन्या बोलीत काही म्हणाली, तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं ही. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं कापूस वेचायला आणि दादर ज्वारी कापायला खाली उतरत. गाव त्यांना डोंगऱ्या म्हणे. त्यांची खोपटी नाल्यापलीकडे, गावाच्या विहिरीपासून लांब. ते नाल्यात झिरा खणून पाणी भरत. कामाला ते चालत, कारण मजुरी कमी घेत आणि तोंड वर करत नसत. पण गावात कोंबडी जरी हरवली तरी पहिला डोळा नाल्यापलीकडे जाई. म्हणून पाटलांनी त्यांना हजेरी लावली होती. रोज दिवस मावळायच्या आधी त्यांनी वाहरूच्या अंगणात येऊन उभं राहायचं, वाहरूनं नावं घ्यायची, त्यांनी 'हाव' म्हणायचं. वाहरूला लिहिता येत नव्हतं. सत्तावीस नावं त्याच्या तोंडात होती, आणि पहिलं नाव आमश्याचं.

आमश्या सातपुड्यातल्या काठी गावाकडचा. तिशीचा, हाडानं बारीक, हसला की हिरड्या दिसायच्या. बायको बुधीबाई त्याच्यापेक्षा उंच. आमश्याला एक खोड होती. हजेरी झाली तरी तो लगेच जायचा नाही. अंगणाच्या कडेला उकिडवा बसायचा आणि वाहरूशी भिलीत बोलायला लागायचा. तुझं कूळ कोणतं, तुझ्या बापाचं गाव कोणतं, तिकडं अजून कोणी आहे का. वाहरू अहिराणीत तोडून टाकायचा. एकदा आमश्यानं मोहाची वाळली फुलं पानात बांधून आणली. मोडक्या अहिराणीत म्हणाला, "दादा, तू बी आमनाच ना?"

पलीकडच्या ओट्यावर गावातले दोघं तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वळवली.

"मी गावना शे," वाहरू म्हणाला. "तुमना नही. आणि मले दादा नको म्हनू."

आमश्या हसला. फुलं अंगणातच ठेवून गेला. ती तापीबाईनं उचलली, भाजली, आणि वाहरूनं मुकाट्यानं खाल्ली. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून खाल्लेली चव ती, तिला काय करणार.

फाल्गुन लागायच्या आधी आमश्यानं पालणी धरली. काठीच्या होळीला ज्याला नवस फेडून नाचायचं असतं, तो आधी पंधरा दिवस व्रत पाळतो. बाईच्या हातचं खायचं नाही, स्वतः रांधायचं. खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, अंघोळ नाही. आमश्याला दोन मुलं होऊन गेली होती, तिसरं तरी जगावं म्हणून हा नवस. त्याच्या खोपटीच्या मेढीला कमरेचा पट्टा टांगलेला होता. वाळलेले दुधी भोपळे, त्यांत खडे, मध्ये मध्ये पितळी घुंगरं. वारा सुटला की तो पट्टा आपोआप खुळखुळायचा. पालणीचे सात दिवस झाले की निघायचं, तीन दिवसांत तळोद्यावरून मोलगीची चढण चढून काठी गाठायची, असं त्यानं वाहरूला सांगून ठेवलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी पाटलांच्या खळ्यातून बैल गेला.

पांढरा, उंच शिंगांचा, जोडीतला उजवा. वाहरूला बोलावणं आलं. त्यानं खळ्यापासून माग धरला. बैलाचे खूर सरळ होते, ओढाताणीची खूण नाही. म्हणजे बैल ओळखीच्या हातानं गेला होता. माणूस अनवाणी, पण अनवाणी चालायची सवय नसलेला. खडा आला की पाय वाकडा पडायचा. नाल्याच्या काठी चिखल होता, तिथं उजवा पग साच्यात काढल्यासारखा उमटला होता. लांब पाय. टाच बाहेरच्या अंगाला दबलेली.

हा पाय त्यानं लहान असताना खांद्यावर वाहिला होता. पाटलांचा धाकटा भाऊ दलपत आठ वर्षांचा असताना गाडीवरून पडला, घोटा मोडला, तेव्हा प्रकाशाच्या हाड बसवणाऱ्याकडे त्याला वाहरूच घेऊन गेला होता. घोटा जुळला, पण टाच कायमची बाहेर झुकली. हल्ली दलपत पत्त्यांच्या अड्ड्यावर बसतो आणि भावाशी त्याचं पटत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

वाहरूनं टोपली पालथी घातली आणि बाजूला उभा राहिला. पाटील एकटेच आले. त्यांनी टोपली उचलली आणि बराच वेळ खाली बघत राहिले. भावाचा पाय भावाला ओळखू येणारच.

"माप ले," पाटील म्हणाले.

वाहरूनं कुंपणातली एक सणकाडी काढली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली आणि बरोबर तेवढी तोडली. पाटलांनी माप झालेलं बघितलं. मग जोडा पगावर ठेवून सावकाश फिरवला. चिखल सपाट झाला.

"भिलना पाय शे हाऊ," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू भिल्ल शे. तुले कळाले पाहिजे."

वाहरूनं आपली टोपली उचलून काखेत धरली.

"तुन्हं घर मन्हा जागावर शे, वाहरू. मी कधी काढं का ते?"

"नही, आबा."

"मंग चाल."

नाल्यापलीकडे डोंगऱ्यांची खोपटी उतरायला लागली होती. गाठोडी बांधलेली होती. गावातले वीस-पंचवीस लोक काठ्या घेऊन आधीच पोचले होते. पुरुषांना रांगेत उभं केलं, आणि वाहरू एकेकाच्या पायाला काडी लावत चालला. काडी सगळ्यांना मोठी पडत होती. डोंगरातल्या माणसांचे पाय आखूड आणि रुंद असतात. रांग संपत आली. शेवटी आमश्या उभा होता. मागून पाटील खाकरले.

वाहरू आमश्याच्या पायाशी बसला. पाठ लोकांकडे. त्यानं नखानं काडी दाबली. कट्. दोन बोटांचा तुकडा धुळीत पडला. उरलेली काडी त्यानं आमश्याच्या टाचेला लावली, ती अंगठ्याच्या टोकाशी बरोबर बसली. वर बघायला नको होतं, पण त्यानं बघितलं. चुलीपाशी बुधीबाई तवा बांधत होती. तिचे डोळे आमश्याकडे नव्हते, धुळीतल्या तुकड्याकडे होते.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं झालं. व्रतातला माणूस गाईगुरांची चोरी करतो, असं डोंगरात कोणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. इथं कोणी हसलं नाही. दोघांनी चार दणके घातले, आणि शिपाई आल्यावर कमरेला दोर बांधून आमश्याला तालुक्याला न्यायचं ठरलं. दोर धरायला जागल्याच लागतो. आमश्यानं एकच मागणं मागितलं, आणि ते भिलीत. कमरेला बांधू नका, तिथं पट्टा बांधायचा आहे, हाताला बांधा. शिपायानं विचारलं, काय म्हणतो? वाहरू म्हणाला, काही नाही. आणि त्यानं दोर कमरेलाच बांधला.

आमश्या परत आला नाही. कोठडीतली भाकरी त्यानं खाल्ली नाही, कारण ती दुसऱ्यानं रांधलेली. मार खाल्लेलं शरीर, पोटात अन्न नाही. नवव्या दिवशी तापानं गेला असं कागदावर आलं. कुठं पुरला ते कोणी सांगितलं नाही. काठीला होळी पेटली त्याच दिवशी ही बातमी बोरखेड्यात आली. बुधीबाई त्या वेळी गावात नव्हती. पट्टा घेऊन ती डोंगरात निघून गेली होती.

बैल काही सापडला नाही. दलपत पंधरा दिवस मामाच्या गावी राहून आला. सगळं मिटलं.

पग पहिल्यांदा दिसला तो चैत्रात. सकाळी वाहरू तोंड धुवायला उठला तर अंगणात, दाराकडे तोंड करून, उजवा अनवाणी पग. आखूड, रुंद. त्यानं तो पुसला. दोन दिवसांनी पुन्हा तोच. अंगणाच्या कडेला ज्या जागी आमश्या उकिडवा बसायचा, तिथून दारापर्यंत आलेला. वाहरूनं ती मोडकी काडी जाळली नव्हती. तिला चुलीत घालायला हात होईना, म्हणून छपरात खोचून ठेवली होती. ती काढून त्यानं पगाला लावली. बरोबर बसली.

त्यानं पगावर टोपली घातली आणि तापीबाईला हाक मारली. टोपली उचलून म्हणाला, देख. तापीबाईनं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अंगण शे," ती म्हणाली. "अंगणमा पाय उमटतीनच. कामले जा."

वाहरू कामाला गेला. पण ज्या डोळ्यांवर त्याचं पोट होतं ते डोळेच त्याच्यावर उलटले. शेताच्या बांधावर, तापीच्या वाळूत, चावडीच्या मागं, जिथं जाईल तिथं त्याला तो पग हुडकावासा वाटे, आणि हुडकला की कुठं तरी सापडेच. आषाढात पाऊस आला, चिखल झाला, तेव्हा तर तो नीट उमटून यायला लागला. चुलीत सणकाडी मोडल्याचा आवाज आला तरी तो दचके. तापीबाई चूल पेटवताना काड्या हाताआड मोडू लागली. खरं सांगायचं तर वाहरूला भीती भुताची नव्हती. भुताला उतारा टाकता येतो. त्याला भीती याची होती, की हा पग काही मागत नाही, रागावत नाही, नुसता येऊन दारात उभा राहतो. हजेरीला उभा राहावा तसा.

दिवाळीनंतर डोंगरातली माणसं पुन्हा उतरली. ज्या गावानं एक माणूस खाल्ला त्याच गावात पुन्हा यायचं? यायचं. डोंगरात नाचणी-कोदऱ्यानं पौषापलीकडे पोट भरत नाही. त्यांच्यात बुधीबाई होती, आणि तिच्याबरोबर आमश्याचा धाकटा भाऊ फुलसिंग. गाव म्हणालं, चोराची बायको. बाया कापूस वेचताना तिच्या ओळीत जाईनात. तिचं गाठोडं रोज संध्याकाळी सोडून बघितलं जाई, बाकीच्यांचं नाही. एकदा तर पाटलीणबाईंनी तिचे केस सोडायला लावले. बुधीबाई केस सोडून उभी राहिली. केसांतून कापसाचं एक बोंड पडलं नाही, तरी कोणी तिला बांध म्हटलं नाही. तिनं आपणच बांधले.

पहिल्या हजेरीला वाहरूनं नावं घ्यायला तोंड उघडलं आणि जिभेवर बसलेलं पहिलं नाव निघून गेलं.

"आमश्या."

रांगेतल्या माना वळल्या.

"हाव," बुधीबाई म्हणाली.

वाहरूचे कान तापले. त्यानं पुढची नावं भराभर घेतली. दुसऱ्या दिवशी तो मनाशी घोकून आला, की आज फुलसिंगपासून सुरुवात करायची. तोंड उघडलं, आणि पुन्हा आमश्या. पुन्हा तिनं हाव म्हटलं. असं पाच दिवस झालं. सहाव्या दिवशी बाकीचे गेल्यावर तो तिला म्हणाला, की तुला बोलावलं नाही, तू कशाला बोलतेस.

"तू त्यान्हं नाव लेस," ती म्हणाली. "कोणीतरी हाव म्हनाले पाहिजे."

मग ती तिथंच बसली, आमश्या बसायचा त्याच जागी, आणि कशासाठी आलीय ते तिनं सांगितलं. आमश्याची पालणी अर्धी राहिली होती. अर्ध्या पालणीचा माणूस मेला तर तो वाडवडिलांत जात नाही, वाटेवरच राहतो. त्याच्या भावानं त्याचा पट्टा बांधून काठीच्या होळीला नाचावं, म्हणजे तो सुटतो. फुलसिंग नाचायला तयार होता. पण डोंगरातले जाणते म्हणाले, की व्रतात चोरी केलेल्याचा पट्टा होळीपुढं आणता येणार नाही. आमश्या चोर नव्हता, असं त्याच गावच्या पाच माणसांत बोललं गेलं पाहिजे, आणि ते फुलसिंगनं आपल्या कानांनी ऐकलं पाहिजे.

तिनं पदराची गाठ सोडली. आत दोन बोटांचा सणकाडीचा तुकडा होता.

"काडी तू मोडी. मी देखी. पाच माणसंस्मा एकदाव सांग. मंग मी परत नही येवाव."

एवढं बोलून ती गेली. ना रडली, ना शाप दिला. वाहरूला वाटलं, शाप दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानं ते तापीबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. घर पाटलाच्या जागेवर, जळण पाटलाच्या बांधावरचं. पोरगी प्रकाशाला दिलेली, तीही पाटलाच्या शब्दावर. पण भाकरी तव्यावर टाकल्यावर ती म्हणाली, की वर्षभर तू जेवताना दाराकडे पाठ करत नाहीस, हे मी बघते. आणि बऱ्याच वर्षांनी ती हे जुन्या बोलीत बोलली. वाहरूनं या वेळी ऐकू न आल्यासारखं केलं नाही.

पौष गेला, माघ गेला. तो रोज उद्या बोलू म्हणायचा. रोज हजेरीला आमश्याचं नाव जाई आणि रोज हाव येई. फाल्गुन लागला तशी फुलसिंगनं पालणी धरली. अनवाणी फिरू लागला, वेगळ्या चुलीवर रांधू लागला. सातव्या दिवशी सकाळी डोंगऱ्यांनी खोपटी उतरवली. तोच दिवस, तसाच लख्ख.

वाहरूनं छपरातली काडी काढली आणि चावडीवर गेला.

मजुरी चुकती करून निरोप द्यायला पाटील ओट्यावर बसले होते. गावचे सात-आठ जाणते होते, दलपत खांबाला टेकून पान खात होता. खाली डोंगरातली माणसं उभी. वाहरू ओट्याखाली आपल्या जागी बसला नाही, उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला, "गया सालनी काडी कमी व्हती. मी मोडी."

पाटलांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. काय बडबडतो, म्हणाले.

वाहरूनं काडी पुढं धरली. बुधीबाईनं गाठ सोडून तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं मोडलेल्या कडा एकमेकींना लावल्या. वर्षभराचा धूर खाऊन एक तुकडा काळा झाला होता, दुसरा पदरात राहून पांढराच होता, तरी तुटलेले दोरे दोऱ्यांत बसले. काडी लांब झाली. वाहरूचे डोळे खांबाकडे गेले, दलपतच्या जोड्याकडे. त्याबरोबर आणखी सात-आठ जोडी डोळे तिकडं गेले आणि चटकन परत आले.

तेवढ्यात ते होऊन गेलं असतं. कोणी एकानं म्हणायचा अवकाश होता, की दलपतभाऊ, जोडा काढ. कोणी म्हणालं नाही. दलपतनं पाय धोतराखाली ओढून घेतला.

पाटील ओट्यावरून उतरले. त्यांनी वाहरूच्या हातून दोन्ही तुकडे घेतले. पांढरा तुकडा बोटांत चुरून टाकून दिला आणि काळी काडी धरून म्हणाले, "पंचस्नी माप देखेल शे ते हाई. बाकीनं कचरा. जोडा काढ."

"कोणी?"

"तू."

वाहरूनं जोडा काढला. सात वर्षं झाकलेला पाय धुळीत ठेवला. पाटील स्वतः वाकले. गावचा पाटील भिल्लाच्या पायाशी वाकलेला गावानं प्रथमच बघितला. त्यांनी काडी टाचेला लावली. ती अंगठ्याच्या टोकाशी बरोबर बसली.

वाहरू खाली बघत राहिला. साऱ्या गावाचे पाय त्यानं मोजले होते, स्वतःचा कधी मोजला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा. आखूड, रुंद पाय, बापाचा पाय. सकाळी उठून अनवाणी अंगणात जाणारा, आणि मग जोड्यात शिरून विसरला जाणारा. वर्षभर दारात येत होता तो हाच का? तापीबाईला ठाऊक होतं का? त्याला हसू यावं की रडू, ते कळेना.

"काडी बसनी," कोणीतरी सुटल्यासारखं म्हणालं. मग सगळेच बोलायला लागले. बैल ओळखीच्या हातानं गेला होता म्हणे, बरोबर, जागल्याला बैल ओळखतोच. कुंपणानंच शेत खाल्लं. शेवटी भिल्ल तो भिल्ल, जोडा घातला म्हणून काय जात बदलते. एवढा वेळ ज्यांची तोंडं शिवल्यासारखी होती, त्यांना आता एकेक जुनी गोष्ट आठवत होती. वाहरूला हरवलेली कोंबडी लगेच कशी सापडायची, वगैरे.

"सांग पाच माणसंस्मा," पाटील म्हणाले. "बैल आमश्या लई गया का तू?"

अजून माघार घेता आली असती. पाटलांनी ते गिळूनही घेतलं असतं, कारण त्यांना हवा होता फक्त धाक. त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. खाली बस, काडी मोडल्याचं खोटं होतं म्हण, जोडा घाल, घरी जा. वाहरूला वाचता येत नसलं तरी हे वाचता येत होतं.

त्यानं बुधीबाईकडे बघितलं. तिचे डोळे चुरलेल्या तुकड्यावर होते. फुलसिंग तिच्यामागं अनवाणी उभा होता, कमरेला काही बांधलेलं नव्हतं.

"आमश्या नही," वाहरू म्हणाला.

"मंग कोण?"

"मी."

बुधीबाईनं मान वर केली. तिला खरं माहीत होतं, वाहरूला माहीत होतं, पाटलांना आणि खांबाला टेकलेल्याला माहीत होतं. पण पाच माणसांत जे बोललं गेलं, ते बोललं गेलं. फुलसिंग पुढं आला आणि अडखळत म्हणाला, की मग आमश्या चोर नव्हता असं पंचांनी म्हणावं. पाटलांना आता घाई झाली होती. नव्हता, नव्हता, जा, म्हणाले. जाणत्यांनी माना डोलावल्या. फुलसिंगनं तिथंच गाठोडं सोडलं आणि पट्टा कमरेला बांधला. भोपळे खुळखुळले. वाहरूला चावडीच्या खांबाला बांधायला दोर आणायला एक जण गेला.

दोर आला. शिपाई येईपर्यंत बांधून ठेवायचं होतं. बांधणारा गोंधळला, रोज ज्याच्या हातात दोर असायचा त्याला कसा बांधायचा. वाहरूनं आपणच हात वर केले आणि भिलीत म्हणाला, कमरेला बांध. बांधणाऱ्याला कळलं नाही. बुधीबाईला कळलं. ती निघता निघता थांबली आणि तिनं त्याला हाक मारली, आमश्या मारायचा ती. दादा म्हणाली. वाहरू म्हणाला, हाव.

ते गेले. पट्ट्याचा आवाज नाल्यापर्यंत ऐकू आला, मग थांबला. तापीबाई भाकरी घेऊन आली. घर संध्याकाळपर्यंत सोडायला सांगितलं होतं, पोरीकडे जाते म्हणाली. वाहरूनं भाकरीला हात लावला नाही. का, ते तिनं विचारलं नाही. तिनं भाकरी फडक्यात परत बांधली, पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि त्याचा जोडा तिथंच पडू देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत शिपाई आला. तालुक्याची वाट नाल्यापर्यंत डोंगराच्या वाटेबरोबरच जाते, मग फुटते. वारा पडलेला होता, धूळ कालची तशीच होती. वाहरू दोरामागं अनवाणी चालत होता आणि सवयीनं खाली बघत होता. डोंगरातल्या माणसांचे पग वाटभर उत्तरेकडे गेलेले. हा फुलसिंग, नाचऱ्या माणसासारखा चवड्यावर जोर देणारा. ही बुधीबाई, लांब टांगेची, आज ओझं डाव्या बाजूला. आणि बुधीबाईच्या उजव्या अंगाला, तिच्या पावलाला पाऊल मिळवून, आणखी एक अनवाणी पग. आखूड, रुंद.

काल सकाळपासून आपण खांबाला बांधलेलो होतो, हे वाहरूला पक्कं ठाऊक होतं.

तो थांबला. शिपायानं दोराला हिसका दिला आणि विचारलं, काय आहे तिथं? काही नाही, म्हणाला. त्यानं त्या पगाशेजारी आपला पाय ठेवून बघितला, दोन्ही सारखे होते. पग डोंगराकडे निघाला होता, मागं वळलेला कुठंच नव्हता. वाहरूनं त्यावर पाय पडू दिला नाही. वाट फुटेपर्यंत तो कडेकडेनं, गवतातून चालला.